मशीन चालू करून देणारा माणूस कुठल्या व्हिसावर येणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की जॉर्जियात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्यावर धाड पडली, शेकडो कोरियन लोक पकडले, आता योग्य व्हिसा नसताना काम करत असतील तर पकडणारच ना, मग एवढा गहजब कशाला आणि अर्थव्यवस्थेचं नुकसान होतं म्हणतात ते नेमकं कसं होतं. आणि दुसरं म्हणजे तुमचा भाचा मशिनरी कंपनीत कमिशनिंगला, म्हणजे मशीन बसवून चालू करून द्यायच्या कामाला आहे, त्याला अमेरिकेला पाठवायचं चाललंय, तर त्याने जावं का. दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी आहे म्हणून एकत्रच सांगतो, जरा लांबेल.

मी गेली २२ वर्षं कोटिंग आणि ड्रायिंगच्या लाइन बसवून चालू करून द्यायचं काम करतोय. त्यातली सहा-सात कामं अमेरिकेतली, बहुतेक दक्षिणेकडच्या राज्यांत. बॅटरीच्या कारखान्यात मी स्वतः काम केलेलं नाही पण इलेक्ट्रोडची कोटिंग लाइन ही आमच्याच भावकीतली मशीन आहे, त्यामुळे त्या साइटवर ती माणसं दिवसभर काय करत असतील हे मला डोळ्यासमोर दिसतं. ती बातमी मी पाहिली तेव्हा हेल्मेट आणि सेफ्टी जॅकेट घातलेली माणसं, कमरेला साखळी, पायात बेड्या, बसच्या बाजूला हात टेकून उभी केलेली, ते बघून मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण तसंच जॅकेट घालून मी तसल्याच साइटवर उभा राहिलेलो आहे.

आधी काय झालं ते नीट. ४ सप्टेंबर २०२५ ला सव्हाना शहराजवळ एलाबेल इथल्या बांधकाम चालू असलेल्या बॅटरी कारखान्यावर धाड पडली, ४७५ लोक ताब्यात घेतले, त्यातले ३१७ दक्षिण कोरियाचे. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटीच्या तपास विभागाने स्वतःच सांगितलं की एकाच जागेवरची त्यांच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी कारवाई. गंमत नाही, खरंच लक्षात घ्या की झडतीच्या वॉरंटमध्ये नावं होती फक्त चार जणांची. बाकीचे जागेवर सापडले म्हणून. ह्युंदाईने सांगितलं यातला कोणी आमच्या थेट पगारावर नाही. एलजी एनर्जी सोल्युशनचे स्वतःचे ४७ होते आणि सुमारे अडीचशे लोक मशीन पुरवणाऱ्या आणि इतर पार्टनर कंपन्यांचे. फोकस्टनच्या डिटेन्शन सेंटरमध्ये आठवडाभर ठेवलं, मग कोरियन एअरचं खास विमान अटलांटाहून त्यांना घेऊन १२ सप्टेंबरला इंचॉनला उतरलं. ते विमान एक दिवस उशिरा निघालं, त्याचं कारण कोरियाच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं ते असं की ट्रम्पनी विचारलं होतं, ही माणसं इथेच राहून आमच्या लोकांना शिकवतील का. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा पेच त्यात आहे. ज्यांना बेड्या घालून नेलं त्यांनाच आठवड्याच्या आत थांबा म्हणून विचारावं लागलं.

आता "बेकायदा होते" या शब्दाकडे येतो. सगळे एकसारखे नव्हते. अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे काही जण सीमा चोरून ओलांडून आलेले, काहींची मुदत संपलेली, आणि काही व्हिसा वेव्हरवर आलेले ज्यात काम करायला परवानगी नसते. कोरियाचा पासपोर्ट असेल तर ९० दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, एस्टा नावाची ऑनलाइन परवानगी काढली की झालं. पण पकडलेल्यांपैकी किमान एका माणसाकडे चालू बी-१ व्हिसा, म्हणजे धंद्याच्या कामासाठी थोड्या दिवसांच्या भेटीचा व्हिसा होता आणि तरीही त्याला देश सोडायला लावला, असं फुटलेल्या सरकारी कागदांवरून वर्तमानपत्रात आलं. म्हणजे एका टोकाला उघड बेकायदा, दुसऱ्या टोकाला बहुधा कायदेशीर आणि मध्ये भलामोठा गढूळ पट्टा. आमच्या धंद्यातली माणसं त्या गढूळ पट्ट्यातच राहतात.

तो पट्टा काय आहे ते समजून घ्या कारण बाहेर हे कोणी सांगत नाही. परदेशातून मशीन विकत घेतली तर ती बसवायला, दुरुस्त करायला किंवा इथल्या लोकांना शिकवायला विक्रेत्याचा माणूस बी-१ वर येऊ शकतो, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या स्वतःच्या नियमपुस्तकात आहे. अटी तीन-चार. विक्रीच्या करारात हे काम विक्रेत्याने करायचं असं लिहिलेलं पाहिजे, माणसाकडे त्या मशीनचं खास ज्ञान पाहिजे, पगार अमेरिकेतून मिळता कामा नये. आणि बांधकाम करायचं नाही, बांधकामावर देखरेख करायची किंवा शिकवायचं तेवढं चालेल. कागदावर एकदम स्वच्छ वाटतं. पण साइटवर उभं राहून बघा. मशीन संपते कुठे आणि बिल्डिंग सुरू होते कुठे? मशीन फाउंडेशनला बोल्ट करणं हे इन्स्टॉलेशन की बांधकाम? पॅनलपासून मोटरपर्यंतची केबल मशीनची, ती ज्या केबल ट्रेमधून जाते तो ट्रे कोणाचा? ओव्हनचा एक्झॉस्ट डक्ट छतातून बाहेर जातो तिथे कोणी हात लावायचा? पाना माझ्या हातात आहे की मी बोट दाखवतोय आणि पाना लोकल फिटरच्या हातात आहे, यावर मी कायदेशीर की बेकायदा हे ठरतं, आणि रात्री अकरा वाजता लोकल क्रू निघून गेलेला असतो, सकाळी कस्टमर बघायला येणार असतो, आणि चार बोल्ट राहिलेले असतात.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. एका कामावर आमचा एक सीनियर मेकॅनिक नंतर येणार होता. वयाची पन्नाशी उलटलेला, रोलर अलाइनमेंटमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑफिसमधल्या कोणीतरी त्याला पत्र दिलं त्यात लिहिलेलं "बिझनेस मीटिंग". एअरपोर्टवर बॅग उघडली तर आत सेफ्टी शूज, डायल गेज, टॉर्क रेंच आणि उंचावर काम करताना अंगाला बांधायचा फुल बॉडी हार्नेस. अधिकाऱ्याने विचारलं मीटिंगला हार्नेस कशाला. याचं इंग्रजी तुटकं, घाबरला, "वर्क, वर्क" एवढंच म्हणाला. पुढच्या विमानाने परत पाठवला, व्हिसा रद्द. मजा बघा म्हणत नाही मी, वाईट हे आहे की करारात इन्स्टॉलेशनचं कलम व्यवस्थित होतं, पत्रात खरं लिहिलं असतं तर तो बिनधास्त आत आला असता. त्याच्याविना ती लाइन पाच आठवडे नुसती उभी. आणि त्या लाइनसाठी गावातले तीसेक ऑपरेटर भरती करून ठेवलेले, त्यांना कंपनीने दोन आठवडे झाडलोट आणि सेफ्टीचे व्हिडिओ यात काढले, मग अर्ध्यांना सांगितलं बोलावू तेव्हा या. त्यातला एक जण आधीची ट्रकची नोकरी सोडून आलेला. एका मेकॅनिकच्या पत्रातल्या दोन शब्दांनी त्याचा पगार गेला, आणि तो पूर्ण अमेरिकन नागरिक.

हेच नुकसान तिथे तीनशेपटीने झालं.

बॅटरीच्या बाबतीत हे जास्तच का लागतं तेही सांगतो. इलेक्ट्रोड म्हणजे तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या फॉइलवर काळ्या स्लरीचा, म्हणजे घट्ट लेपाचा थर. तांब्याची फॉइल साधारण सहा ते दहा मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या कितीतरी पट पातळ. ती दर मिनिटाला कित्येक मीटर वेगाने डायखालून जाते, मग लांबलचक ओव्हनमधून, मग रोलर्सच्या दाबाखालून. टेन्शन जरा वाढलं की फॉइल फाटते, कमी झालं की सुरकुती पडते, ओव्हनचा पहिला झोन जास्त गरम ठेवला तर वरचा थर आधी सुकतो आणि आत भेगा. कडेला थर जाड होतो तो कसा बसवायचा हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये पूर्ण लिहिलेलं नसतं. त्यापुढे कापणं, रचणं, उणे ४० अंशाच्या आसपास दवबिंदू ठेवलेल्या कोरड्या खोलीत इलेक्ट्रोलाइट भरणं, मग चार्ज करून दिवसचे दिवस मुरत ठेवणं. शेवटच्या टप्प्यात सेल खराब निघाला तर चूक तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या मशीनवर झालेली असू शकते. सुरुवातीचे महिने ढीगभर माल भंगारात जातो आणि तो भंगार कमी करत आणणं यालाच कमिशनिंग म्हणतात. हे ज्ञान मशीनबरोबर पेटीत येत नाही, ते ज्यांनी आधी अशा तीन-चार लाइन चालू केल्यात त्या माणसांच्या हातात असतं. अशी माणसं कोरिया, जपान, चीनमध्ये सापडतात, अमेरिकेत फार थोडी, कारण तिथे हा उद्योगच आत्ता उभा राहतोय. धाडीनंतर ह्युंदाईचे प्रमुख होसे मुन्योज म्हणाले ते हेच, की किमान दोन-तीन महिने उशीर होणार.

दोन-तीन महिने म्हणजे काय फार नाही असं वाटेल. मग हिशोब करा. कारखान्यातली गुंतवणूक ४३० कोटी डॉलर, क्षमता वर्षाला ३० गिगावॅट-अवर, म्हणजे साधारण ३ लाख गाड्यांच्या बॅटऱ्या. अमेरिकेचं सरकार देशात बनलेल्या सेलला दर किलोवॅट-अवरमागे ३५ डॉलर करसवलत देतं. पूर्ण क्षमतेने चालला तर ही सवलत वर्षाला १०५ कोटी डॉलर होते, महिन्याला पावणेनऊ कोटी. सुरुवातीला अर्थातच त्याचा लहानसा भाग. पण मुद्दा असा की ही सवलत २०३० पासून टप्प्याटप्प्याने घटत जाऊन २०३२ नंतर संपते, ती तारीख कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे सुरुवातीला गेलेला महिना शेवटी भरून मिळत नाही. वर कर्जाचं व्याज चालू, भाड्याने घेतलेल्या क्रेन उभ्या, मशीनची वॉरंटी काही करारांत साइटवर पोचल्यापासून मोजली जाते ती न वापरताच सरकते. आणि लहान व्हेंडरचं दुखणं वेगळंच, त्याचं शेवटचं १० किंवा २० टक्के बिल लाइन पास झाल्यावर मिळतं. लाइन थांबली की मोठी कंपनी तगून जाते, चाळीस माणसांचा व्हेंडर दुसऱ्या महिन्यात पगाराला महाग होतो.

शिवाय त्याच महिनाअखेरीस, ३० सप्टेंबरला, अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला मिळणारी ७,५०० डॉलरची सवलतही बंद झाली. एकीकडे मागणीचा आधार काढला आणि दुसरीकडे उत्पादन अडकलं, अशा वेळी कुठलाही फायनान्सवाला पुढच्या टप्प्याचा पैसा हात राखूनच सोडतो.

खरं मोठं नुकसान मात्र त्या साइटच्या बाहेर आहे. तारखा बघा. जुलैअखेरीस दक्षिण कोरियाने ३५,००० कोटी डॉलर गुंतवणुकीचं कबूल करून आयातशुल्क १५ टक्क्यांवर आणण्याचा सौदा केला. २५ ऑगस्टला कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग व्हाइट हाउसमध्ये, ह्युंदाईने आपली गुंतवणूक २,१०० वरून २,६०० कोटी डॉलरवर नेली. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी धाड. ली नंतर सरळ म्हणाले की अशाने आमच्या कंपन्या तिथे कारखाना काढताना कचरतील. एलजीने अमेरिकेचे बहुतेक दौरे थांबवले. आता कंपनीच्या मीटिंगमध्ये काय होतं ते मी पाहिलेलं आहे, कोणी उठून "आपण अमेरिका सोडू" असं म्हणत नाही, नुसतं वेळापत्रकात सहा महिने वाढवतात, कमिशनिंगच्या खर्चात ३० टक्के जादा धरतात, आणि तेवढ्याने दोन जागांच्या तुलनेत एक जागा मागे पडते. असा नाकारलेला कारखाना कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही. त्या सौद्यातले १५,००० कोटी तर जहाजबांधणीसाठी आहेत. फिलाडेल्फियाची गोदी हानव्हा या कोरियन कंपनीने २०२४ च्या शेवटी विकत घेतली, तिथेही वेल्डिंग लाइन लावायला, ब्लॉक जोडायची पद्धत शिकवायला कोरियातूनच माणसं लागणार.

मग व्हिसा का नाही काढत नीट? हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. कुशल नोकरदारांसाठीचा एच-१बी व्हिसा वर्षाला ८५,०००, लॉटरी, निकाल लागून माणूस आत यायला वर्षाचा मोठा भाग जातो, आणि २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. तीन महिन्यांच्या कामासाठी हे कोण करणार. कंपनीतल्या कंपनीत बदलीसाठीच्या एल-१ ला माणूस त्याच ग्रुपच्या पगारावर किमान वर्षभर पाहिजे, व्हेंडरची स्वतःची अमेरिकेत शाखाच नसते. ऑस्ट्रेलियाला वर्षाला १०,५०० चा स्वतंत्र कोटा आहे, सिंगापूरला ५,४००, चिलीला १,४००. कोरियाने मुक्त व्यापार करार केला पण असा कोटा मिळाला नाही, १५,००० व्हिसांचं विधेयक काँग्रेसमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा मांडलं जातंय आणि पडून राहतंय. मग लोक एस्टावर येतात, कारण दुसरा दरवाजाच नाही. मी त्याचं समर्थन करत नाही, एस्टावर आलेला माणूस आपली हकालपट्टी कोर्टात लढवायचा हक्कही आधीच सोडून बसलेला असतो, ही फार मोठी किंमत आहे आणि कंपन्या ती बिचाऱ्या टेक्निशियनला समजावून न सांगता त्याला विमानात बसवतात. हा राग माझा कंपन्यांवर आहे.

आणि दुसरी बाजूही खरी आहे, ती दाबून ठेवण्यात अर्थ नाही. त्या जॉर्जियातल्या साइटवर बांधकाम चालू असताना कामगारांचे मृत्यू झालेत. सब-कॉन्ट्रॅक्टरखाली सब-कॉन्ट्रॅक्टर, त्याखाली आणखी एक, अशी उतरंड लागली की सगळ्यात खालच्या माणसाचे कागद कोणी बघत नाही आणि त्याचा हार्नेसही कोणी बघत नाही. लोकल पाइपफिटर आणि इलेक्ट्रिशियन म्हणतात की राज्याने एवढ्या सवलती दिल्या त्या आमच्या कामासाठी, मग साधं पाइपिंगही बाहेरच्यांनी का करावं, ते बरोबरच बोलतात. अॅरिझोनात टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या चिप कारखान्यात २०२३ मध्ये हाच वाद झाला, कंपनीने कुशल माणसं नाहीत म्हणून उत्पादन २०२४ वरून २०२५ वर ढकललं आणि तैवानहून लोक आणायचं म्हटलं, युनियनने कडाडून विरोध केला. पण तिथे बेड्या आल्या नाहीत, डिसेंबरमध्ये बसून करार केला की कुठलं काम कोणाचं, ट्रेनिंग कसं. पाना कोणाच्या हातात हे टेबलावर ठरलं. जॉर्जियात तेच पोलिसी गाड्या आणि हेलिकॉप्टर आणून ठरवायला गेले.

फरक कळायला आणखी एक उदाहरण, आयोवातल्या पोस्टव्हिलचं. तिथे २००८ मध्ये एका मांस कारखान्यावर धाड पडून ३८९ लोक पकडले, त्याच वर्षी कारखाना दिवाळखोरीत गेला आणि गावाची घरं, दुकानं ओस पडली. म्हणजे ज्या कामाला खास शिक्षण लागत नाही तिथेही एका दिवसात माणसं काढली की गाव बसतं. आणि अलाबामाला तर हा धडा २०११ मध्येच मिळालाय, तिथे कडक इमिग्रेशन कायदा झाला आणि काही महिन्यांत टस्कालुसात पोलिसांनी लायसन्स जवळ नाही म्हणून एका गाडीवाल्याला धरलं, तो निघाला मर्सिडीजचा जर्मन मॅनेजर, त्याच राज्यातल्या कारखान्याच्या कामाला आलेला. केस सोडून दिली, पण मिझुरी राज्यातल्या एका वर्तमानपत्राने लगेच लिहिलं की मर्सिडीजवाल्यांनो आमच्याकडे या.

धाडीनंतर काही गोष्टी हलल्या हेही सांगायला हवं. ट्रम्पनी लिहिलं की गुंतवणूकदारांना घाबरवायचं नाहीये, त्यांनी तज्ज्ञ आणावेत आणि आमच्या लोकांना शिकवावं. दोन्ही देशांचा कार्यगट बसला, आणि ३० सप्टेंबरच्या बैठकीनंतर अमेरिकेने मान्य केलं की मशीन बसवायला, दुरुस्तीला बी-१ चालतो आणि एस्टावरही तेच करता येतं, सोलमधल्या अमेरिकेच्या दूतावासात कोरियन कंपन्यांसाठी वेगळा डेस्क काढला. नीट वाचलंत तर यात नवीन नियम काहीच नाही, जुनाच नियम मोठ्याने पुन्हा सांगितला. म्हणजे तो आधी सांगितला असता तर ते तीनशे लोक कदाचित कामावरच असते.

आता तुमच्या भाच्याचं. भारतीय पासपोर्टला एस्टा नाही, त्यामुळे तो बी-१ वरच जाणार, आणि भारतीय माणसाच्या बी-१ कडे ते आधीपासून बारकाईने बघतात. २०१३ मध्ये इन्फोसिसने बी-१ च्या वापरावरून झालेल्या आरोपांत ३.४ कोटी डॉलर भरून तडजोड केली होती, आरोप कंपनीने नाकारले तरी. जाऊ द्या त्याला, काम चांगलं आहे आणि शिकायला मिळतं, पण कंपनीकडून आधी विक्री कराराच्या त्या पानाची प्रत मागून घ्यायला सांगा ज्यावर इन्स्टॉलेशन आणि ट्रेनिंग विक्रेत्याने करायचं लिहिलंय. ते पान नसेल तर जायचं नाही, मग मॅनेजर कितीही म्हणो. पत्रात मशीनचं नाव, सिरियल नंबर, साइटचा पत्ता आणि तो हाताने काय करणार हे साध्या शब्दांत पाहिजे, मीटिंग वगैरे गुळमुळीत नको. पगाराची स्लिप इथली. बॅगेत जी हत्यारं आहेत ती पत्रातल्या कामाशी जुळली पाहिजेत. साइटवर केबल ट्रे, स्ट्रक्चर, डक्ट याला हात लावायचा नाही, आणि कोणी लावायला सांगितलं तर फोनवर हो-नाही न करता ईमेलवर विचारायचं, बहुतेक वेळा ईमेल गेल्यावर तो माणूस मागेच घेतो. मूळ पासपोर्ट, आय-९४ म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद, आणि त्या पत्राची प्रत हेल्मेटबरोबर साइटवर, पासपोर्ट हॉटेलात ठेवून उपयोग नाही. आणि कधी पकडलंच तर आपल्या वकिलातीला कळवा असं म्हणायचा त्याला हक्क आहे, आणि न समजणाऱ्या कागदावर वकील येईपर्यंत सही करायची नाही, हे दोन्ही इंग्रजीत पाठ करून घ्या त्याच्याकडून, घरी बसवून, दहा वेळा. आमच्या त्या मेकॅनिकला कोणी एकदा जरी असं बसवलं असतं तर तो "वर्क, वर्क" म्हणाला नसता, "आय हॅव कम टू इन्स्टॉल द मशीन वी सोल्ड" म्हणाला असता.